हंगाम संपला, मग थकवा का संपत नाही?

वाचकाचे पत्र, थोडक्यात: परभणी जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी मोंढ्याजवळ (म्हणजे धान्याच्या बाजाराजवळ) कृषी सेवा केंद्र चालवणारे हे वाचक ४९ वर्षांचे आहेत. सरलेले वर्ष त्यांना फार धावपळीचे गेले. एप्रिलअखेर मुलीचे लग्न झाले, जून-जुलैत बियाणे आणि खतांची गर्दी होती, ऑगस्टमध्ये वडिलांच्या खुब्याची शस्त्रक्रिया झाली. सप्टेंबरच्या अतिवृष्टीत घरचे सोयाबीन पाण्याखाली गेले आणि गावोगावची उधारी अडकली. आता जानेवारीत गिऱ्हाईक तुरळक आहे, तरीही त्यांना स्वस्थ बसवत नाही. पहाटे चारला जाग येते, दुपारी डोके जड होते, मग दुकानामागच्या गोदामात पोत्यांवर ते घटकाभर आडवे होतात आणि उठल्यावर अधिकच मरगळलेले असतात. नोव्हेंबरात एका कंपनीने विक्रीचे टार्गेट पूर्ण केल्याबद्दल बँकॉकची सहल दिली होती, तिथून ते आणखी दमून परतले. पुण्यात स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या कृषी पदवीधर मुलाच्या हाती दुकान देऊन मोकळे व्हावे काय, आणि काम नसताना थकवा येतो म्हणजे आपण आळशी झालो काय, असे दोन प्रश्न त्यांनी विचारले आहेत.

बंधुवर, सप्रेम नमस्कार.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देते, कारण ते लहान आहे. तुम्ही आळशी झालेला नाही. आळशी माणसाला पहाटे चारला जाग येत नाही आणि जानेवारीतल्या रिकाम्या दुकानात आपण रिकामे का बसलो म्हणून त्याचा जीव तळमळतही नाही. आपल्या भागात विहिरीवरची मोटार दोन तास चालवली की बंद करावी लागते, झऱ्यांना पाणी भरून काढायला वेळ द्यावा लागतो, आणि तेवढ्या वेळात विहीर कामचुकारपणा करते असे कोणी म्हणत नाही. तुमची मोटार एप्रिलपासून डिसेंबरपर्यंत बंदच झालेली नाही, तेव्हा आता तळ दिसू लागला यात नवल नाही.

मात्र या थकव्याला केवळ धावपळ जबाबदार आहे असे धरून चालण्याआधी तुमच्या पत्रातील एका वाक्यापाशी थांबणे भाग आहे. दुपारची झोप तुम्ही गोदामात घेता. त्या गोदामात खताच्या पोत्यांबरोबर फवारणीची औषधेही असणार, हे तुमचा व्यवसाय माहीत असलेल्या कोणालाही सांगावे लागत नाही. सीलबंद बाटलीतून फारसे काही बाहेर येत नसले, तरी एखादी गळकी बाटली, वाहतुकीत फुटलेला खोका, सांडलेली पावडर आणि हवा खेळत नसलेली पत्र्याची खोली एवढे साहित्य त्रास व्हायला पुरे असते. क्लोरपायरीफॉस, प्रोफेनोफॉस यांसारखी ऑर्गेनोफॉस्फेट गटातील कीटकनाशके शरीरातील कोलिनेस्टरेज नावाच्या विकराचे (एन्झाइमचे) काम रोखतात आणि त्यातून डोके दुखणे, मळमळ, घाम, अंधूक दिसणे, अशक्तपणा अशी लक्षणे उद्भवतात. तुमचे जड डोके त्यामुळेच आहे असे मी म्हणत नाही, ते ठरवणे डॉक्टरांचे काम आहे. पण आपला व्यवसाय काय आणि आपण दुपारी कुठे झोपतो हे तुम्ही आपणहून सांगितले नाही, तर डॉक्टरांच्या मनात ती शंका येणार नाही. सांगितले, तर आवश्यक वाटल्यास ते कोलिनेस्टरेजची रक्ततपासणी करून घेतील. तोवर गोदामातली झोप आजपासून बंद करा, जेवणाचा डबाही तिथे उघडू नका आणि समोरासमोरच्या दोन भिंतींना झरोके पाडून घ्या. डुलकी घ्यायचीच असेल तर घरी जाऊन घ्या आणि ती अर्ध्या तासाच्या आत आवरा, कारण त्याहून लांबलेल्या झोपेतून उठल्यावर अंगात जी सुस्ती राहते तीच तुम्ही पत्रात वर्णन केली आहे.

त्याच फेरीत रक्तदाब, साखर, हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि ब-१२ जीवनसत्त्व यांची तपासणी उरकून घ्या. पन्नाशीच्या उंबरठ्यावर हे सगळे एकदा पाहून घ्यावेच, विशेषतः ज्या घरात जेवण शाकाहारी असते तिथे ब-१२ कमी निघणे सर्रास आढळते. तुम्ही रात्री मोठ्याने घोरता काय आणि मध्येच श्वास अडल्यासारखा होतो काय, हे वहिनींना विचारा आणि उत्तर होकारार्थी असेल तर तेही डॉक्टरांच्या कानावर घाला. पहाटेची जाग, कशातच रस न वाटणे आणि मन खचलेले असणे हे सलग दोन आठवड्यांहून अधिक चालले असेल, तर तो केवळ थकवा समजून अंगावर काढू नये. केंद्र सरकारची टेलि-मानस ही दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, तिचा क्रमांक १४४१६ आहे, ती विनामूल्य आणि चोवीस तास चालते आणि तिथे मराठीतून बोलता येते. गावात कोणाला कळेल याची धास्ती वाटत असेल, तर आपल्याच शेताच्या बांधावरून फोन करावा.

आता बँकॉकविषयी. त्या सहलीने विश्रांती का मिळाली नाही, याचे तुम्हाला आश्चर्य वाटते. मला मिळाली असती तर आश्चर्य वाटले असते. बरोबर कोण होते? तालुक्या-तालुक्यांतले तुमच्यासारखेच दुकानदार आणि कंपनीची माणसे. बोलणे कशावर झाले असेल? पुढच्या खरिपातली स्कीम, खताबरोबर गळ्यात मारले जाणारे लिंकिंग, म्हणजे नको असलेला दुसरा माल, कोणाची उधारी किती बुडाली आणि कोणी किती पेट्या उचलल्या. दिवसा वातानुकूलित बसमधून पळापळ आणि रात्री कंपनीचे जेवण, शिवाय परतताना पुढच्या वर्षीच्या टार्गेटचा आकडा खिशात. टार्गेट गाठल्याबद्दल दिलेली सुट्टी हा टार्गेटचाच पुढचा भाग असतो. तिला नावे ठेवू नका, पुन्हा मिळाली तर जरूर जा, पण तिची नोंद विसाव्याच्या खात्यात करू नका.

विसाव्यासाठी तुमच्या वर्षात जागा कुठे आहे, हे पाहायला तुमचे कॅलेंडरच उघडावे लागेल. १८ मे रोजी परभणीच्या कृषी विद्यापीठाच्या वर्धापनदिनी खरीप मेळावा होतो, आणि तिथून पुढे कोणते वाण आले, बियाणे कधी मिळणार, या चौकशांनी तुमचे दुकान भरते. मृगाचा पाऊस वेळेवर झाला तर पेरणीची झुंबड, लांबला तर दुबार पेरणीची चिंता, खताची रेक, म्हणजे मालगाडी, लागली की रात्री-बेरात्री ट्रक खाली करायचे आणि खतविक्रीची नोंद करणाऱ्या ई-पॉस मशीनवर अंगठा उमटला नाही म्हणून रांगेतल्या माणसाची समजूत काढायची. जुलै-ऑगस्टमध्ये तणनाशक आणि कीडनाशकांची फवारणी, १७ सप्टेंबरच्या रब्बी मेळाव्यानंतर हरभरा आणि ज्वारीचे बियाणे, दिवाळीनंतर वसुली. या आठ महिन्यांत तुम्हाला कोणी संथ जगण्याचा सल्ला दिला तर तो ऐकून न ऐकल्यासारखा करा. जूनमध्ये दर रविवारी दुकान बंद ठेवा, असे शहरात बसून लिहिणे सोपे आहे, पण ज्याच्या रानात वाफसा आला आहे तो शेतकरी रविवार पाहून बियाणे मागायला येत नाही. त्या दिवसांत जेवणाची वेळ आणि रात्रीची झोप एवढ्या दोनच गोष्टी सांभाळल्या तरी पुष्कळ झाले.

खरा रिकामा काळ संक्रांतीपासून एप्रिलअखेरपर्यंतचा आहे. या साडेतीन महिन्यांत उन्हाळी भुईमूग, टरबूज आणि भाजीपाला एवढेच गिऱ्हाईक असते आणि ३१ मार्चला स्टॉक व हिशेब मिळवावे लागतात, त्याखेरीज अंगावर येणारे काम नसते. आणि नेमका हाच काळ तुम्ही दुकानाच्या गादीवर बसून, येणाऱ्या-जाणाऱ्याकडे पाहत, मोबाइल चाळत घालवता. हे काम नव्हे आणि विश्रांतीही नव्हे. काम केल्याचे समाधान त्यातून लाभत नाही आणि अंगाचा शीणही उतरत नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की, काम संपल्यावर विसावा घेऊ असे म्हणणाऱ्याला तो कधीच मिळत नाही, कारण दुकानदाराचे काम संपत नसते, फक्त पातळ होते. ते जेव्हा पातळ होते तेव्हाचे दिवस आधीच ठरवून, खुणा करून, घरात आणि गिऱ्हाइकांत जाहीर करून बाजूला काढावे लागतात.

तेव्हा आठवडी बाजाराच्या दुसऱ्या दिवशी, एप्रिलअखेरपर्यंत, दुकान पूर्ण बंद ठेवावे. अर्धे शटर नव्हे, पूर्ण बंद, आणि तशी पाटी आजच लावावी. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने मोठ्या दुकानांना वर्षभर चोवीस तास उघडे राहण्याची मुभा दिली, तरी कामगाराला आठवड्यातून एक पूर्ण दिवस सुट्टी मिळालीच पाहिजे असे बंधन घातले. मालकाच्या सुट्टीची काळजी मात्र कोणताच कायदा करत नाही, ती त्याची त्यालाच करावी लागते. गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जाईल, ही भीती मला समजते. पण शेजारच्या लातूर-धाराशिवकडे वेळ अमावास्येला, शेतातल्या पूजेच्या सणाला, अख्ख्या बाजारपेठा ओस पडतात, व्यापारी, कारकून, वकील सगळे शेतात जाऊन जेवतात, आणि त्या एका दिवसापायी कोणाचे गिऱ्हाईक कायमचे तुटल्याचे ऐकिवात नाही. बंदचा दिवस ठाऊक असला की लोक आदल्या दिवशी येतात.

दुकान बंद ठेवून फोन चालू ठेवला तर मात्र काहीच साधणार नाही. दुकानाचा क्रमांक आणि घरचा क्रमांक वेगळा करा आणि दुकानाचा फोन रात्री आठनंतर काउंटरच्या खणात राहू द्या. तुमचे शेतकरी रात्री दहाला फोन करून कोणत्या औषधात कोणते मिसळू असे विचारतात, आणि तुम्ही तितक्याच आपुलकीने उत्तर देता, हे तुमच्या व्यवसायाचे भूषण आहे, यात शंका नाही. पण त्यांच्यासाठी किसान कॉल सेंटर आहे. १८००-१८०-१५५१ हा त्याचा विनामूल्य क्रमांक सकाळी सहापासून रात्री दहापर्यंत चालतो आणि तिथे मराठीत उत्तर मिळते. तो क्रमांक पावतीपुस्तकाच्या मागे शिक्का मारून छापून घ्या. फवारताना कोणाला विषबाधा झाली तर वेळ न दवडता १०८ ला फोन करून रुग्णवाहिका बोलवावी आणि औषधाची बाटली किंवा लेबल बरोबर न्यावे, हेही प्रत्येकाला सांगून ठेवा. अशा वेळी दुकानदाराला शोधण्यात गेलेली दहा मिनिटे महागात पडू शकतात.

पहाटे चारला जी जाग येते, तिचे मूळ बहुतेक खातेवहीत आहे. २०२५-२६ च्या हंगामासाठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये जाहीर झाला, मोंढ्यात भिजलेल्या मालाला त्याच्या जवळपासही भाव मिळाला नाही, आणि ज्याचे पीकच वाहून गेले त्याने उधारी कशातून फेडावी? हे तुम्हाला कळते, म्हणून मागायला संकोच वाटतो, आणि मागितले नाही तर कंपनीचे देणे कसे भागवावे हा घोर लागतो. यावर दोन गोष्टी सुचवते. पहिली कायद्याची आहे. उधार दिलेल्या मालाच्या वसुलीचा दावा करण्यासाठी १९६३ च्या मुदत कायद्यानुसार तीन वर्षे मिळतात, आणि ती मुदत संपण्यापूर्वी देणेकऱ्याने देणे मान्य असल्याचे लिहून सही केली, तर त्या तारखेपासून मुदत नव्याने मोजली जाते. म्हणजे ज्याची परिस्थिती खरोखर बिकट आहे त्याच्याकडून या हंगामात पैशांऐवजी खात्यावर सही घेतली, तर तुमचा हक्कही राहतो आणि माणूसही तुटत नाही. आपापल्या कागदांपुरते गावातल्या वकिलाला एकदा विचारून घ्यावे. दुसरी गोष्ट सवयीची आहे. खात्यांचे तीन भाग पाडा: ज्यांच्याकडे ऐपत असून टाळाटाळ आहे ते, ज्यांचे पीक गेले ते, आणि ज्यांचे पैसे येणार नाहीत हे तुम्हाला मनोमन ठाऊक आहे ते. वसुलीसाठी आठवड्यातले दोन दिवस ठरवा आणि फक्त पहिल्या यादीतल्यांकडे जा. उरलेल्या पाच दिवसांत खातेवही उघडू नका, घरी तर मुळीच नेऊ नका.

आता थोडे वहिनींविषयी. तुमच्या दोन पानी पत्रात त्यांचा उल्लेख एकदाच आहे, तोही तुम्ही बँकॉकला गेला असताना काउंटरवर त्या बसल्या होत्या एवढाच. मुलीचे लग्न तुमच्याइतकेच त्यांचेही होते. खुब्याची शस्त्रक्रिया झालेल्या सासऱ्यांना उठवणे, बसवणे, चालवणे हे कोण करते ते तुम्ही लिहिलेले नाही, पण मला ते न लिहिताही कळते. तुमच्या विसाव्याची योजना आखताना त्यांचे काम वाढणार असेल, तर ती योजना घरात महिनाभरही टिकणार नाही आणि टिकूही नये. आपल्याकडे शेतावरच्या हुरडा पार्टीला सगळे विसावा म्हणतात, पण चटण्या कुटणारी, दही लावणारी, भांडी लादणारी आणि परत आल्यावर ती घासणारी बाई त्या दिवशी रोजच्यापेक्षा अधिक राबते. वेळ अमावास्येचेही तेच, भज्जी आणि आंबिलीची तयारी रात्रीपासून सुरू होते. म्हणून बंदच्या दिवशी सकाळी वडिलांचे सगळे तुम्ही करावे आणि त्या वेळात वहिनींनी काय करावे हे त्यांनाच ठरवू द्यावे. त्या झोपतील, माहेरी जातील किंवा रथसप्तमीपर्यंतच्या हळदी-कुंकवांना निवांत बसतील. त्यांना कशाने बरे वाटते याचा अंदाज तुम्ही बांधू नका, विचारा. दुकानातल्या कामात त्यांचा एवढा वाटा आहे तर नफ्यातून दरमहा एक ठरावीक रक्कम त्यांच्या नावावर जमा व्हावी, असेही माझे मत आहे, जरी तुम्ही ते विचारलेले नाही.

वडिलांची सेवा केल्याने विसावा कसा मिळेल, असे तुम्ही म्हणाल. माझ्या पाहण्यात तुमच्यासारख्या माणसांना एकदम रिकामे बसवले की ती अधिक अस्वस्थ होतात. पहिले दोन-तीन आठवडे बंदच्या दिवशी तुम्हाला चुकल्यासारखे वाटेल, दुकानाकडे एक चक्कर मारावीशी वाटेल, एखादे वेळी डोकेही दुखेल. त्याला घाबरून दुकान उघडू नका. हाताला हलके काम असू द्या, ज्यात घाई नाही आणि ज्याचा हिशेब कोणाला द्यायचा नाही असे. वडिलांना काठीच्या आधाराने अंगणात चालवणे हे तसेच काम आहे, शाळूच्या रानातून पाखरे हाकत फिरणे हेही तसेच. रोज संध्याकाळी अर्धा-पाऊण तास पायी चाला, मात्र मोंढ्याच्या दिशेने नव्हे. दुकानात दिवसभर येणाऱ्या प्रत्येकाबरोबर अर्धा-अर्धा कप चहा होतो, तो दुपारी चारनंतर थांबवा, कारण चहातल्या कॅफिनचा निम्मा अंश शरीरातून जायलाच सरासरी पाच तास लागतात. रात्रीचे जेवण आठपर्यंत, दिवे दहाला बंद आणि एकूण झोप निदान सात तासांची. चारला जाग आलीच तर मोबाइल हातात न घेता पडून राहा, आणि झोप लागत नसेल तर उठून शांत बसा. याचा गुण महिन्याभराने येतो, आठवड्यात नाही.

मार्चच्या मध्यापर्यंत एकदा सलग चार-पाच दिवस गावाबाहेर जाता आले तर पाहा, पण ते दोघांनी मिळून आणि वडिलांजवळ मुलगी-जावई किंवा भाऊ राहायला येणार असतील तरच. चार दिवसांत पाच देवस्थाने गाठण्याचा बेत करू नका. एका ठिकाणी राहा. औंढ्याला नागनाथाचे दर्शन घेऊन दुपारी परत आलात, तरी तो दिवस बँकॉकपेक्षा बरा जाईल.

राहिला मुलाचा प्रश्न. तो आज सोडवू नका. दमलेल्या माणसाला दुकान विकावेसे वाटते, गाव सोडावेसे वाटते, सगळे मुलाच्या गळ्यात घालून सुटावेसे वाटते, आणि झोप पुरी झाल्यावर त्यातले निम्मे विचार उरत नाहीत. शिवाय तुमची सुटका म्हणून त्याने परीक्षा सोडली, तर पुढे दोघांच्या मनात ते सलत राहील. एप्रिलमध्ये, परीक्षेचे त्याचे वेळापत्रक पाहून, त्याला दोन दिवस बोलवा आणि आधी त्याचे ऐकून घ्या. तो कृषी पदवीधर आहे, त्यामुळे कीटकनाशकांच्या परवान्यासाठी लागणारी शैक्षणिक अट तो पूर्ण करतो, म्हणून पुढेमागे त्याने यायचे ठरवले तर कागदोपत्री अडचण मोठी नाही. त्याला यायचे नसेल, तर मे महिन्याआधी काउंटरसाठी एक जाणता माणूस पगारी ठेवावा लागेल, आणि त्याचा शोध मात्र आत्तापासून सुरू करा, कारण खरिपाच्या तोंडावर असा माणूस मिळत नाही.